रिपोर्ट चांगला असो वा नसो

१२ जून

नोकरी लागली. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना थोडं लाजल्यासारखं होतं, पण लागली. कॉलेजातलं माझं जीवशास्त्राचं तासावरचं काम बंद झाल्यापासून मी निपाणीत सुकुमारांच्या पाइपच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच सांगत होते. आता मी समुदाय समन्वयक आहे. म्हणजे काय, हे संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं आणि तिघांना मी वेगवेगळं सांगितलं.

खरा अर्थ असा: बेंगळुरूची एक कंपनी आणि बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या पुढची एक संशोधन संस्था मिळून आमच्या भागातल्या कुटुंबांचं रक्त घेणार, त्यातली जनुकं वाचणार, आणि कुणाला किंवा कुणाच्या होणाऱ्या मुलांना कोणता आजार होऊ शकतो हे आधीच सांगणार. आमचाच भाग का, तर आमच्याकडे नात्यात लग्नं होतात म्हणून. मुलाला मामाची मुलगी करायची ही आमची रीत. काही घरांत तर मुलगी थेट मामालाच देतात. शास्त्रज्ञांना असे लोक फार उपयोगी पडतात म्हणे. एवढ्या पिढ्यांनी का होईना, आपण कुणाच्या उपयोगी पडतोय याचं बरं वाटलं.

प्रशिक्षणात प्रत्येकाने आपलीच वंशावळ टॅबवर भरायची होती. मी सासूचं नाव टाकलं: ब्राह्मी. मग वडिलांच्या बहिणीचं टाकलं: ब्राह्मी. टॅब लाल झाला. 'ही व्यक्ती आधीच नोंदवलेली आहे.' माझे वडील टाकले, नवऱ्याचा मामा टाकला, पुन्हा लाल. मला आत्तीच्याच मुलाला दिलंय, हे त्या यंत्राला काही केल्या पटेना. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. प्रियदर्शनी मॅडम, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मागे येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, हे झाड नाही, जाळं आहे," म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, गरजेपेक्षा थोडं जास्तच.

घरी सुकुमारांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, "मग मला काढून टाकून परत भर की."

६ जुलै

संमतिपत्र बेंगळुरूहून कन्नड आणि इंग्रजीत आलं. मराठी मी केलं, स्वयंपाकघरात बसून. एका कलमावर सगळ्यात जास्त वेळ गेला: 'रिपोर्टमधली माहिती संबंधित व्यक्तीच्या परवानगीशिवाय कोणालाही, अगदी घरच्यांनाही, सांगितली जाणार नाही, रिपोर्ट चांगला असो वा नसो.' शेवटचा तुकडा मुळात नव्हता. माझं म्हणणं असं की फक्त वाईट रिपोर्ट लपवला, तर न सांगणं म्हणजेच सांगणं होईल. मॅडमनी 'व्हेरी गुड पॉइंट' म्हटलं. मी ते दिवसभर मनात घोळवत राहिले, जसं विद्यार्थी घोळवतात.

आज बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, हॉलमध्ये पहिलं भाषण. दर्शनाला आलेले लोक बाहेर पडायच्या आत गाठायचे होते. मी जनुकं समजावली: प्रत्येकाच्या रक्तात एखाद-दुसरी बिघडलेली गोष्ट असतेच, तिचा त्याला स्वतःला त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघांत नेमकी तीच असली तर मुलाला धोका, आणि नात्यातल्या दोघांत तीच असण्याचा संभव जास्त. छान शांतता होती. मग पहिल्या रांगेतले आण्णाप्पा काका उठले.

"बाई, तुम्हाला कुठं दिल्यात?"

"इथंच. आत्तीच्या मुलाला."

"पोरगा काय करतोय?"

"इंजिनियर आहे. बेळगावला फाउंड्रीत."

"धडधाकट हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं की," म्हणून ते बसले. हॉलभर हशा. मी चालतंबोलतं उदाहरण म्हणून उभी होते, फक्त विरुद्ध बाजूचं. शेवटी रक्त एकट्या आण्णाप्पांनीच दिलं. फुकट आहे तर शुगर पण बघून द्या म्हणाले.

२७ जुलै

जेवताना आत्तींनी जाहीर केलं: "क्षमाला आणायची. दिवाळी झाली की साखरपुडा. वृषभला मी बोललोय." (आमच्या बोलीत बायकाही 'बोललोय', 'गेलो' असंच म्हणतात; माझं ते कॉलेजात सुटलं.)

क्षमा माझ्या भावाची, वृषभअण्णाची मुलगी. तेवीस वर्षांची, बेळगावला लेडीज हॉस्टेलवर राहून बँकेच्या परीक्षा देते. म्हणजे आमच्या श्रेयांसच्या मामाची मुलगी. म्हणजे अगदी रीतसर. आत्ती माझी आत्या आधी आणि सासू नंतर, त्यामुळे या घरात त्यांच्यापुढे मला दोन्हीकडून माहेर नाही. लग्नाच्या दिवशी 'आत्ती, तू' म्हणणं बंद करून 'आत्ती, तुम्ही' म्हणायला लागले, एवढाच बदल माझ्या आयुष्यात झाला असं सुकुमार म्हणतात.

श्रेयांसने ताटातून वर पाहिलं नाही. तसाच म्हणाला, "आधी टेस्ट करूया की. आईचीच कंपनी आहे."

मला भरून आलं. मुलाला मी काही शिकवलं की नाही, याची शंका मला गेली पंचवीस वर्षं आहे. आज ती मिटली. आत्ती म्हणाल्या, "कसली टेस्ट? घरातलीच पोरगी." मी त्यांना जनुकं समजावली. त्यांनी भात वाढून घेतला.

नंतर लिहिते: समन्वयकाच्याच घरातलं जोडपं पुढे आलं तर गावात विश्वास बसेल, हा विचार मला भरून यायच्या आधी आला की नंतर? आधी आला असावा. बरं वाटत नाही.

१७ ऑगस्ट

दोघांनी रक्त दिलं. मॅडमनी फोटो काढून घेतला. क्षमाने बाही वर करताना विचारलं, "आत्ती, रिपोर्ट वाईट आला तर लग्न मोडतात काय?"

"बहुतेक घरं मोडतात. पण आपण शिकलेले आहोत, आपण नीट विचार करू."

"आज्जी पण नीट विचार करंल?"

"आज्जी मोडतील."

"पक्कं?"

तिच्या डोळ्यांत केवढी चिंता. मी तिचा हात धरून ठेवला. सुई काढल्यावर ती श्रेयांसकडे बघून हसली. "लहानपणी मी याला राखी बांधायला गेलतो, तर आज्जीनं माझा हातच धरला. याला न्हाय बांधायची म्हणाली. मी राखी घेऊन रडत बसलो. शेवटी तुमच्या म्हशीच्या शिंगाला बांधली."

श्रेयांस म्हणाला, "म्हशीने ती वर्षभर सांभाळली. मी हरवली असती."

दोघं खूप हसले. एकमेकांशी किती जमतं त्यांचं. अशी लग्नं टिकतात.

२८ सप्टेंबर

श्रेयांस रविवारी बेळगुंदीहून रताळ्यांची पिशवी घेऊन आला. मित्राचं, साईराजचं, शेत आहे तिथे. आजकाल दर रविवारी तिकडेच असतो. शेतीची आवड लागलेली दिसते, इंजिनियर मुलांना हल्ली लागते. पण आमच्या घरात कंदमूळ येत नाही हे त्याला माहीत नाही का?

"त्यांनी दिली. नको म्हणता आलं नाही."

"साईराजला सांगायचं की आम्ही खात नाही."

"साईराजने नाही दिली. दिपालीने दिली. त्याची बहीण. तिला सांगितलंय आता, पुढच्या वेळी काजू देते म्हणाली."

समजूतदार लोक दिसतात. रताळी शेजारच्या शालूबाईंना दिली.

११ ऑक्टोबर

आज रिपोर्ट. नियमाप्रमाणे फक्त त्या दोघांनाच मॅडम आत बोलावून समजावतात. मी बाहेर बाकावर. माझ्या लॉगिनने मला रिपोर्ट उघडता येतो का, हे मी आजवर पाहिलेलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलंय. ठरवल्याचं कुणालातरी सांगावंसं मात्र फार वाटतं.

दोघं बाहेर आले. क्षमाने ओढणी तोंडाला लावली होती आणि तिचे खांदे हलत होते. श्रेयांसचा चेहरा दगडासारखा. मी उठले. तो म्हणाला, "आई, विचारू नको. गोपनीय आहे."

मी नाही विचारलं. माझंच कलम. त्यांना हॉटेलात घेऊन गेले. श्रेयांसने दोन मसाले डोसे खाल्ले, क्षमाने त्याच्या दुसऱ्यातला अर्धा. बटाटा बाजूला काढायचंही कुणाला सुचलं नाही. दुःखात माणसाला भूक लागते, असं मी कुठंसं वाचलंय. मी फक्त कॉफी घेतली.

१५ ऑक्टोबर

वाईट आहे. नाहीतर सांगितलं नसतं का? मी दिवसभर हेच मोजते आहे: त्यांच्यात वाईट म्हणजे अण्णात किंवा वहिनीत, आणि माझ्यात किंवा सुकुमारांत. आमचं श्रेयांसवर निभावलं ते निव्वळ नशीब. आण्णाप्पा काकांना मी भर हॉलमध्ये 'हो, धडधाकट' म्हणाले ते आता परत घ्यावंसं वाटतं.

सुकुमारांना म्हटलं, "आपण दोघांनी पण टेस्ट करायची का?"

"कशाला?"

"कळेल तरी, आपण लग्न करायला हवं होतं की नाही."

त्यांनी चष्मा काढला. "आणि नव्हतं करायला हवं असं आलं तर? दुकान कोण बघणार?"

विनोद होता, पण ते नंतर बराच वेळ दुकानाच्या पायरीवर उभे होते.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले तरी अण्णाकडे गेले नव्हते. आज कोगनोळीला गेलेच. अण्णाचं घर हायवेच्या बाजूलाच. ट्रकांच्या आवाजात सगळेच मोठ्याने बोलतात. त्यामुळे गुप्त बोलणं तिथे मुळीच जमत नाही.

"रिपोर्ट आला म्हणं," अण्णा म्हणाला.

"आला."

"काय हाय?"

"सांगता येत नाही, अण्णा. नियम आहे."

"मी बाप हाय तिचा."

"बापालाही नाही. क्षमाने परवानगी दिली तरच."

"ती म्हणती माझं रक्त हाय, माझं मी बघतो. तू सांग. तू तिची आत्ती हाईस, सासू हुणार हाईस, वर त्या कंपनीची साहेबीण."

"मलाही माहीत नाही."

"मग तुला ठेवलंय कशाला?"

मी त्याला शांतपणे समजावलं की न सांगण्याचा अर्थ वाईट असा होत नाही, चांगला रिपोर्टसुद्धा सांगायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय, आणि मीच लिहिलंय.

अण्णाने ऐकून घेतलं. "चांगला असता तर तू पेढे घेऊन आली असतीस," तो म्हणाला. "वाईट हाय."

ज्या गैरसमजासाठी मी ते कलम घातलं, तोच गैरसमज मी स्वतः पंधरा दिवस करत होते, हे मला परत येताना बसमध्ये लक्षात आलं. बस निपाणीत शिरेपर्यंत मी तो सोडला होता. उतरताना परत धरला.

४ नोव्हेंबर

लिहायला नको, पण लिहिते. दुपारी पिरनवाडीला ऑफिसात डबा खाताना मॅडम माझ्याकडची शेंगाचटणी घेत म्हणाल्या, "तुमच्या घरचं ते जोडपं एकदम क्लीन, मॅडम. मॅच होणारं काही म्हणजे काहीच नाही. लग्नाला बोलवा हं." मग हात तोंडाशी नेऊन, "अय्यो. हे मी बोलायला नको होतं. तुम्ही ऐकलंच नाही असं समजा."

मी ऐकलंच नाही असं समजायचा प्रयत्न पिरनवाडीपासून निपाणीपर्यंत केला. यमकनमर्डीपर्यंत आनंद होता. संकेश्वरच्या आसपास राग यायला लागला. मुलं मला, स्वतःच्या आईला आणि आत्तीला, महिनाभर जळू देतात?

५ नोव्हेंबर

तशीच परत बेळगावला गेले, रजा टाकून. क्षमाला हॉस्टेलसमोरच्या बागेत बसवलं.

"तुमचा रिपोर्ट चांगला आहे."

ती दचकली नाही. "तुम्हाला बघता येत न्हाय न्हवं?"

"बघितला नाही. कळला. का खोटं बोललात?"

"खोटं कुठं बोललो, आत्ती? गोपनीय हाय एवढंच म्हणालो. गोपनीयच हाय की. तुम्हीच लिवलंय."

"पण सगळे समजतात की..."

"त्यांनी समजू दे. आम्ही कुणाला काय समजा म्हणून सांगितलं न्हाय."

मी म्हटलं, लग्न नको असेल तर बापाला सरळ सांगायचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मला मराठी समजतं का याची खात्री करत असल्यासारखी.

"सांगितलं. दोनदा. पहिल्यांदा पप्पा म्हणाले परीक्षेचं टेन्शन हाय. दुसऱ्यांदा म्हणाले श्रेयांसमध्ये काय वाईट हाय ते सांग. आता त्याच्यात काय वाईट सांगू? काय बी न्हाय. साखरपुडा झाला की हॉस्टेल बंद, हे पण ठरलंय. तुम्हाला पण सांगितलं होतं की मी."

"मला? कधी?"

"राखीचं सांगितलं न्हाय?"

मी त्या दिवशी 'अशी लग्नं टिकतात' असं लिहून ठेवलंय, मागच्या पानावर आहे. फाडावं असं वाटलं, पण फाडलं तर पुढच्या वेळी मला कोण वेड्यात काढणार.

"आणि श्रेयांस?" मी विचारलं. "त्याचं का नको आहे?"

"ते मी सांगणार न्हाय. त्याचं त्याला विचारा."

नोकरीत काही अडचण असावी. मुलं घरी सांगत नाहीत.

९ नोव्हेंबर

अण्णा आज निपाणीला आला. साखरपुड्याचा हॉल ठेवायचा की सोडायचा, हे आज सांगायचं होतं त्याला. आत्ती पलंगावर बसून पालेभाजी निवडत होत्या. सुकुमार दुकान उघडं टाकून आत आले होते.

"अनू, मी तुला नियम मोडायला सांगत न्हाय," अण्णा म्हणाला. "तू तोंडानं काय बी बोलू नको. चांगला असंल तर नुसती मान हलव. मी आत्ता हॉलवाल्याला फोन लावतो."

मान. एवढंच. खरं तेच सांगायचं होतं, तेही चांगलं. मी हलवली असती तर अण्णा मला उचलून नाचला असता आणि क्षमाला आठवड्यात घरी आणलं असतं. मी न हलवणं म्हणजे नियम पाळणं. पण नियम मी नियमासाठी पाळत नव्हते, हे मला चांगलं माहीत होतं. ऑक्टोबरात मी हेच, अगदी हेच बोलले होते आणि ते प्रामाणिक होतं.

"सांगता येत नाही, अण्णा." आणि मान धरून बसले. आयुष्यात माझ्या मानेने एवढी शिस्त कधी पाळली नव्हती. नेमका त्याच वेळी कानाजवळ डास आला. मी त्याला चावू दिलं.

अण्णाने मोबाइल काढला. "कळलं," म्हणाला, आणि फोन लावून हॉल सोडला.

आत्तींनी एक जुडी संपवून दुसरी घेतली. श्रेयांसला फोन केला. तो "अरेरे" म्हणाला. एवढं वाईट अरेरे मी कधी ऐकलं नाही. नाटकात घेतलं नसतं त्याला कुणी.

३० नोव्हेंबर

अण्णा आजारी आहे. म्हणजे काहीच झालेलं नाही, पण आजारी आहे. शेतात ऊसतोड चालू, बाहेर ट्रॅक्टर उभे, आणि तो खाटेवर. कोल्हापूरला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आला, ती चांगली आली तर म्हणतो, "मशिनीत दिसत न्हाय ते. माझ्या रक्तातच हाय. पोरीला मीच दिलं." वहिनीने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "वन्सं, किती वर्षं हाईत त्यांना?"

आजार होण्याआधी सांगणारं हे शास्त्र. मी एका धडधाकट माणसाला एक अक्षर न बोलता झोपवलं.

क्षमाला फोन केला. ती रडली, खरोखर रडली यावेळी. जानेवारीत परीक्षा आहे, ती झाली की मीच पप्पांना सांगतो, तोवर थांबा म्हणाली. मी थांबते म्हटलं. नंतर वाटलं, माझ्या भावाच्या वतीने थांबायची परवानगी मी कुणाला विचारली?

१४ डिसेंबर

कोगनोळी आणि आसपासच्या गावांतून शिबिराला रांग. दुपारच्या आत सगळ्या नळ्या संपल्या. बहुतेक सगळ्या लग्न ठरलेल्या मुली, मामाच्या नाहीतर आत्तीच्या घरी ठरलेल्या. बरोबर आयाही नाहीत. एक मुलगी बसायच्या आधी टेबलाशी वाकून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रिपोर्ट चांगला आला तरी तुम्ही घरात सांगत न्हाईसा न्हवं?"

"नाही. चांगला असो वा नसो."

"कोण बी विचारलं तरी?"

"कुणीही."

"बास मग," म्हणून तिने हात पुढे केला.

आणखी दोघींनी हेच विचारलं. चौथीने विचारलं नाही, तिला तिसरीने रांगेतच सांगितलं होतं.

मॅडम फार खूश आहेत. बेंगळुरूहून अभिनंदनाचा मेल आलाय: शास्त्रीय माहितीमुळे निपाणी भागात नात्यातली लग्नं टाळण्याकडे लक्षणीय कल दिसतो, आणि यात स्थानिक समन्वयकांच्या संवादकौशल्याचा मोठा वाटा आहे. माझं संवादकौशल्य म्हणजे मान. मी कंपनीला खरं काय घडतंय ते कळवणारा मेल लिहिला. वाचून पाहिला. त्यात तीन मुलींची गुपितं बसत होती. पाठवला नाही. खोटा निष्कर्ष एका बाजूला, खरं बोलून केलेली चुगली दुसऱ्या बाजूला. मी दोन्हींच्या मधे बसून चहा प्यायले.

२१ डिसेंबर

आज अण्णाचा फोन, शेतातूनच. मागे ट्रॅक्टर, आणि तो कुणालातरी शिव्या घालत होता. पहिल्यासारखा. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "असू दे गं, अनू. तुझा काय दोष. त्यांच्या घरातलंच हाय म्हटल्यावर." आणि ठेवला.

कुणाच्या घरातलं? मी आत्तींकडे गेले. त्या उन्हात बसल्या होत्या. शेजारी सुकुमार चहा घेत होते.

"आत्ती, अण्णाला काय सांगितलंत?"

"रक्तातली खराबी आमच्या हिकडची म्हणून सांगितलं. तुझ्या मामंजींकडची. त्यांच्या घरात पहिल्यापासून हुतं म्हटलं. त्यो लगेच उठून बसला."

"पण मामंजींना काही नव्हतं."

"व्हय. पण मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? जिता माणूस खाटेवर पडला हुता."

"हे खोटं आहे, आत्ती."

"तुला बोलता येत न्हाय, नियम हाय. मला कुठं हाय?"

मी हळूच विचारलं, मग खरं काय आहे असं त्यांना वाटतं. आत्तींनी पदराने चेहऱ्यावरचं ऊन अडवलं.

"रिपोर्ट चांगला हाय. वाईट असता तर तू तवाच रडून घर डोक्यावर घेतली असतीस. तुला जल्मल्यापासून बघतोय मी. त्या दिवशी अण्णा आलता तवा तू डास चावला तरी हालली न्हाईस. म्हटलं, हिला कायतरी चांगलं ठावं हाय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? तुम्हालाच तर लग्न हवं होतं."

"मला हवं हुतं. पोरीला नको हुतं." त्यांनी पाय उन्हात पसरले. "मला बी नको हुतं, माझ्या टायमाला. सुकुमारचा बा नको म्हणून मी घरात तीनदा सांगितलं हुतं. तवा कोण रक्त बघत नव्हतं आणि तोंड बी बघत नव्हतं."

सुकुमारांचा कप हातातच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांत आईच्या तोंडून हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग ते म्हणाले, "म्हणजे आता कोगनोळीभर माझ्या रक्तात खराबी आहे."

"थोडीशी," आत्ती म्हणाल्या. "खपून जाईल." आणि आत झोपायला गेल्या.

आम्ही दोघं अंगणात राहिलो. मी इतक्या घरांत जाऊन इतक्या लोकांना इतके प्रश्न विचारते. एक प्रश्न मी घरात कधी विचारला नव्हता. विचारायला हवा होता की नको, यावर मी नेहमीप्रमाणे विचार करत बसले असते, पण तोंडातून आधी गेला.

"तुम्हाला हवं होतं? तेव्हा?"

सुकुमारांनी कप खाली ठेवला. "हवं होतं," ते म्हणाले. "मी आईला सांगितलं पण होतं, बारावीत असताना. तुला कधी कळू दिलं नाही एवढंच." मग माझ्याकडे न बघता, "आणि तुला?"

मी उत्तर दिलं. खरं तेच दिलं. ते ऐकून काय म्हणाले, तेही लक्षात आहे. इथे लिहीत नाही.